बिली मार्टिन विरुद्ध रेगी जॅक्सन: बेसबॉलमध्ये मॅनेजर मोठा की स्टार?

१८ जून १९७७, शनिवारची दुपार. बॉस्टनच्या फेनवे पार्कवर न्यूयॉर्क यांकीज आणि बॉस्टन रेड सॉक्स यांचा सामना रंगला होता आणि एनबीसी वाहिनी तो अख्ख्या अमेरिकेला दाखवत होती. सहावी इनिंग सुरू होती. यांकीज मागे पडले होते. बॉस्टनच्या जिम राइसची बॅट अर्धवटच फिरली आणि चेंडू कसाबसा उडून राइट फील्डमध्ये पडला.

तिथे उभा होता रेगी जॅक्सन. त्या मोसमासाठी यांकीजने लाखो डॉलर मोजून आणलेला स्टार. तो चेंडूकडे गेला खरा, पण जीव तोडून धावला नाही. तेवढ्यात राइस दुसऱ्या बेसवर पोहोचला.

यांकीजचा मॅनेजर बिली मार्टिन मैदानात आला. पिचर बदलायला आला असं सगळ्यांना वाटलं, आणि पिचर त्याने बदललाही. पण त्याच वेळी त्याने पॉल ब्लेअर नावाच्या खेळाडूला राइट फील्डकडे पिटाळलं. ब्लेअर आपल्याच जागी येतोय हे जॅक्सनला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो तावातावाने डगआउटमध्ये परतला, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागेत, आणि हात पसरून विचारू लागला, माझं चुकलं काय? मार्टिन त्याच्या अंगावर धावून गेला. एल्स्टन हॉवर्ड आणि योगी बेरा या दोन प्रशिक्षकांनी त्याला अक्षरशः धरून ठेवलं. मार्टिन तेव्हा ४९ वर्षांचा होता आणि जॅक्सन त्याच्यापेक्षा उंच, धिप्पाड आणि १८ वर्षांनी लहान. तरीही हात उगारायची घाई मॅनेजरलाच झाली होती.

हे सगळं थेट प्रक्षेपणात दिसलं. त्याची क्लिप आजही इंटरनेटवर सापडते. सामना यांकीज १०-४ असा हरले, पण तो निकाल आज फारशा कुणाला आठवत नाही.

इतकं काय बिघडलं?

क्रिकेट पाहणाऱ्याला वाटेल, क्षेत्ररक्षणात ढिलाई केली म्हणून खेळाडूला बाहेर बोलावलं, त्यात एवढं काय? पण बेसबॉलचा एक नियम लक्षात घ्यावा लागतो. एकदा बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. म्हणजे 'जरा बाहेर बस, मग ये' असा प्रकार नाही. शिवाय दुखापत नसताना, इनिंगच्या मध्यावर, हजारो प्रेक्षकांसमोर क्षेत्ररक्षकाला उचलून बाहेर काढणं फारच विरळा. ढिलाईची शिक्षा द्यायचीच तर मॅनेजर इनिंग संपू देतो, मग बंद दाराआड जे बोलायचं ते बोलतो. मार्टिनने तसं केलं नाही. त्याने ती शिक्षा चारचौघांत दिली आणि ती तशी दिसावी अशीच त्याची इच्छा होती.

आपल्याकडे 'मॅनेजर' म्हटलं की दौऱ्यावरच्या संघाच्या बस, हॉटेल, सरावाची व्यवस्था पाहणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. बेसबॉलचा मॅनेजर तसा नव्हे. कोण खेळणार, कोण कितव्या क्रमांकावर बॅटिंग करणार, पिचर कधी बदलायचा, धावणाऱ्याने पुढचा बेस चोरायचा की नाही, हे सगळं तोच ठरवतो. क्रिकेटमध्ये कर्णधार आणि प्रशिक्षक यांच्यात वाटलेली सत्ता इथे एकाच माणसाच्या हातात असते. २००४ मध्ये मुलतान कसोटीत सचिन तेंडुलकर १९४ वर नाबाद असताना डाव घोषित झाला, तेव्हा सगळी चर्चा कर्णधार राहुल द्रविडच्या निर्णयावर झाली होती. बेसबॉलमध्ये असा प्रत्येक निर्णय, आणि त्यावरच्या शिव्याही, मॅनेजरच्या खात्यावर जमा होतात. तो खेळत नसला तरी खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसतो, ही या खेळाची एक गंमतच आहे.

पण या सत्तेला एक मोठी मर्यादा आहे. खेळाडूचा करार मॅनेजर करत नाही. पगार तो देत नाही. खेळाडू विकत घेणं, विकणं, त्याला दंड करणं, घरी बसवणं, या गोष्टींना संघाच्या मालकाची आणि त्याच्या कार्यालयाची मान्यता लागते. मॅनेजरच्या स्वतःच्या हातात असतो तो रोजच्या संघाच्या यादीचा कागद. म्हणून मॅनेजर आणि स्टार यांच्यातलं भांडण दोघांचं दिसत असलं तरी त्यात तिसरा माणूस असतोच, आणि तो कुणाच्या बाजूने उभा राहतो यावर निकाल लागतो.

आधी मॅनेजर जिंकला होता

याच यांकीज संघात बावन्न वर्षांपूर्वी असाच प्रसंग घडला होता. त्यातला स्टार होता बेब रूथ. अमेरिकेत त्या काळी त्याच्याइतका लोकप्रिय खेळाडू दुसरा नव्हता. मॅनेजर होता मिलर हगिन्स, जेमतेम साडेपाच फूट उंचीचा, किडकिडीत, कायद्याची पदवी घेतलेला माणूस. रूथ त्याला जुमानत नसे. रात्र रात्र बाहेर काढणं, सरावाला उशिरा येणं, वर मॅनेजरचीच टिंगल करणं, हे रोजचंच होतं.

१९२५ चा मोसम यांकीजसाठी वाईट गेला. रूथ आजारपणामुळे सुरुवातीचे काही आठवडे खेळलाच नाही आणि परतल्यावरही त्याची चाल बदलली नाही. ऑगस्टच्या अखेरीस सेंट लुइसमध्ये तो पुन्हा एकदा उशिरा आला, तेव्हा हगिन्सने त्याला सांगितलं की गणवेश घालायची गरज नाही. ५,००० डॉलर दंड आणि बेमुदत निलंबन. रूथचा वर्षाचा पगार ५२,००० डॉलर होता, त्यावरून दंडाचा आकडा केवढा होता याचा अंदाज येईल.

रूथ तडक न्यूयॉर्कला मालक जेकब रुपर्टकडे गेला. एकतर हगिन्स राहील नाहीतर मी, असा त्याचा सूर होता. मालक आपल्या बाजूने उभा राहील अशी त्याला खात्री होती, कारण स्टेडियम भरत होतं ते त्याच्यामुळे. रुपर्टने शांतपणे सांगितलं की मॅनेजर हगिन्सच आहे. रूथला माफी मागावी लागली. नऊ दिवसांनी तो परत खेळायला आला. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, त्याच हगिन्सच्या हाताखाली त्याने ६० होमरन मारले आणि यांकीजने ११० सामने जिंकले.

ही गोष्ट पुढे शिस्तीचा धडा म्हणून सांगितली गेली. पण त्यात एक बाब सोयीस्करपणे गाळली जाते. रूथला जायला दुसरी जागाच नव्हती. त्या काळात प्रत्येक खेळाडूच्या करारात एक कलम असे. करार संपला तरी संघ तो आपल्या मर्जीने पुढे चालू ठेवू शकत असे. म्हणजे खेळाडू विकला जाईपर्यंत किंवा निवृत्त होईपर्यंत त्याच संघाला बांधलेला. रुपर्टला ठामपणे उभं राहणं परवडलं त्यामागे त्याचा स्वभाव होता तसं हे कलमही होतं.

मग कायदाच बदलला

२३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर सीट्झने निर्णय दिला की ते कलम संघाला अनंत काळ वापरता येणार नाही. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या प्रकरणातला हा निकाल. संघमालकांनी सीट्झला लगेच काढून टाकलं, पण निकाल टिकला. पुढच्या वर्षीच ठरावीक काळ खेळलेल्या खेळाडूंना करार संपल्यावर बाजारात उभं राहून हव्या त्या संघाशी बोलणी करण्याची मुभा मिळाली. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तेव्हा मात्र अमेरिकी खेळाची घडीच विस्कटली.

रेगी जॅक्सन या नव्या बाजारातला सगळ्यात मोठा मासा होता. ओकलंड संघाला १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन वर्षं विजेतेपद मिळालं त्या संघाचा तो आधारस्तंभ. होमरन मारायचा तर डोळे दिपतील असा, आणि बॅट फिरवून चेंडू चुकवायचा तोही तितक्याच थाटात. बोलण्यातही कुणाला ऐकणारा नव्हता. यांकीजचा मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर त्याच्यावर लट्टू झाला. त्याने जॅक्सनची स्वतः मनधरणी केली आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये पाच वर्षांसाठी सुमारे ३० लाख डॉलरचा करार केला. दुसऱ्या संघांनी याहून जास्त पैसे देऊ केले होते, तरी जॅक्सन न्यूयॉर्कला आला.

मॅनेजर मार्टिनला तो नको होता. त्याला हवा होता जो रूडी, जॅक्सनचाच ओकलंडमधला जुना सहकारी. शांत, क्षेत्ररक्षणात चोख, सांगेल ते करणारा. त्याचं कुणी ऐकलं नाही. म्हणजे भांडण सुरू व्हायच्या आधीच स्टार हा मालकाचा माणूस झाला होता आणि मॅनेजरने तो निमूट स्वीकारायचा होता.

बिली मार्टिन कोण होता?

मार्टिनला समजून घ्यायचं तर तो स्वतः खेळाडू होता तेव्हाच्या काळात जावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये गरिबीत वाढलेला हा पोरगा १९५० च्या दशकात यांकीजकडून खेळला. गुणवत्ता बेताची, पण जिद्द अफाट. १९५३ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये त्याने १२ हिट मारून संघाला जिंकून दिलं. तेव्हाचा मॅनेजर केसी स्टेंगल त्याला मुलासारखा मानायचा आणि मार्टिनही त्याला बापाच्या जागी समजायचा.

मे १९५७ मध्ये मार्टिनच्या वाढदिवसानिमित्त यांकीजचे काही खेळाडू न्यूयॉर्कच्या कोपाकबाना नाइटक्लबमध्ये जमले असताना मारामारी झाली. त्यात मिकी मँटलसारखे बडे खेळाडूही होते. व्यवस्थापनाच्या मते वाईट संगत होती ती मार्टिनची. महिनाभरात त्याला कॅन्सस सिटीला पाठवून दिलं. स्टेंगलने हे थांबवायला हवं होतं, निदान प्रयत्न करायला हवा होता, असं मार्टिनला आयुष्यभर वाटत राहिलं. त्यानंतर कित्येक वर्षं तो स्टेंगलशी बोलला नाही.

गंमत अशी, की मॅनेजरच्या हातात खरोखर किती सत्ता असते याचा अनुभव मार्टिनला तेव्हाच आला होता. पण त्याने त्याचा अर्थ वेगळा लावला. स्टेंगल कमी पडला असं त्याला वाटलं. मॅनेजर म्हणून आपण कुणापुढे वाकायचं नाही, हे त्याने ठरवून टाकलं. परिणामी मिनेसोटा, डेट्रॉइट, टेक्सस अशा तीन संघांना त्याने खडबडून जागं केलं आणि तिन्ही ठिकाणांहून त्याची हकालपट्टी झाली. मिनेसोटात असताना तर त्याने स्वतःच्याच संघातल्या डेव्ह बॉसवेल या पिचरला मारहाण केली होती. त्या वर्षी संघ आपल्या विभागात पहिला आला, तरीही नोकरी गेली.

ऑगस्ट १९७५ मध्ये तो यांकीजचा मॅनेजर झाला. त्याच्यासाठी हे घरी परतणं होतं. १९७६ मध्ये त्याने संघाला वर्ल्ड सीरिजपर्यंत नेलं, जिथे सिनसिनाटीने त्यांना ४-० असं धुतलं. आपण बांधलेल्या या संघात आता मालकाने एक चमकता तारा आणून बसवला, असंच मार्टिनला वाटलं असणार.

१९७७: एका म्यानात तीन तलवारी

जॅक्सननेही काही कमी केलं नाही. मोसमाच्या सुरुवातीलाच 'स्पोर्ट' या मासिकात त्याच्यावरचा लेख छापून आला. या संघाच्या पेल्यात ढवळणारी काडी मीच आहे, कर्णधार थर्मन मन्सनला ते नीट जमायचं नाही, अशा आशयाचं बोलणं त्यात होतं. आपण तसं बोललोच नाही असं जॅक्सन पुढे सांगत राहिला. पण नुकसान व्हायचं ते झालं. मन्सन संघातला सगळ्यात आदराचा खेळाडू, आदल्याच वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मानकरी. ड्रेसिंग रूममध्ये जॅक्सन एकटा पडला.

याला वर्णाचाही पदर होता. मोठ्याने बोलणारा, स्वतःची किंमत जाणणारा कृष्णवर्णीय खेळाडू यांकीजसारख्या संघाला पचत नाही, असं जॅक्सनला वाटत होतं आणि तो ते बोलूनही दाखवायचा. त्याच्या तक्रारीत तथ्य नव्हतं असं म्हणणं कठीण आहे. पण मैदानावर तो ढिला पडायचा हेही खोटं नव्हतं. मार्टिन त्याला हवा तो चौथा क्रमांक बॅटिंगला देत नसे. बेसबॉलमध्ये चौथा क्रमांक म्हणजे संघाचा सर्वात ताकदीचा बॅटर. म्हणजे करार मालकाने केला, पण मान द्यायचा की नाही हे कागदावर मॅनेजर लिहीत होता. त्याच्याकडे तेवढंच हत्यार होतं आणि तो ते रोज वापरत होता.

आणि मग फेनवे पार्कचा तो शनिवार उजाडला.

स्टाइनब्रेनरने ते टीव्हीवर पाहिलं आणि मार्टिनला काढून टाकायचं असंच त्याच्या मनात आलं. नोकरी वाचली ती एका अजब कारणाने. संघाचा अध्यक्ष गेब पॉल याने मालकाला समजावलं की आता मॅनेजरला काढलं तर संघ जॅक्सन चालवतो असा अर्थ निघेल. मार्टिनची बाजू बरोबर होती म्हणून नव्हे, तर दिसायला वाईट दिसेल म्हणून तो टिकला.

१० ऑगस्टपासून मार्टिनने जॅक्सनला चौथ्या क्रमांकावर खेळवायला सुरुवात केली आणि यांकीजने धडाका लावला. मोसमअखेर त्यांच्या नावावर १०० विजय होते आणि जॅक्सनच्या नावावर ३२ होमरन. पण तह झाला असं कुणी समजू नये. कॅन्सस सिटीविरुद्धच्या उपांत्य मालिकेतल्या पाचव्या, निर्णायक सामन्यात मार्टिनने जॅक्सनला बाकावर बसवलं. समोर डावखुरा पिचर पॉल स्प्लिटॉर्फ होता आणि त्याच्यापुढे जॅक्सन चाचपडायचा, हे त्याचं कारण. त्याच्या जागी राइट फील्डमध्ये कोण? तोच पॉल ब्लेअर.

या निर्णयाला मोठं धैर्य लागतं. हरले असते तर मार्टिन दुसऱ्या दिवशी बेकार झाला असता. आठव्या इनिंगमध्ये, समोर उजव्या हाताचा पिचर आल्यावर, त्याने जॅक्सनला बदली बॅटर म्हणून पाठवलं आणि जॅक्सनने हिट मारून एक धाव मिळवून दिली. नवव्या इनिंगची सुरुवात ब्लेअरच्या हिटने झाली. यांकीज ५-३ असे जिंकले. मॅनेजरचा हिशेब खरा ठरला, आणि स्टारनेही रुसून न बसता आपलं काम केलं. दोघांच्या अख्ख्या कारकिर्दीत इतकं नीट जुळून आलेलं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

नऊ दिवसांनी, १८ ऑक्टोबरला, लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध वर्ल्ड सीरिजचा सहावा सामना होता. पहिल्या वेळी पिचरने जॅक्सनला चारही चेंडू बाहेर टाकले. पुढच्या तीन वेळा तो आला तेव्हा बर्ट हूटन, एलायस सोसा आणि चार्ली हफ या तीन वेगवेगळ्या पिचरांच्या पहिल्याच चेंडूवर त्याने होमरन मारला. तीन चेंडू, तीन होमरन. यांकीजने १९६२ नंतर पहिल्यांदा विजेतेपद जिंकलं. डगआउटमध्ये मार्टिन आणि जॅक्सन एकमेकांना मिठी मारताना दिसले.

बंटचं प्रकरण

मिठी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकली नाही. १७ जुलै १९७८, यांकी स्टेडियम, पुन्हा कॅन्सस सिटी. दहाव्या इनिंगमध्ये बरोबरी होती, मन्सन पहिल्या बेसवर होता आणि जॅक्सन बॅटिंगला आला. मार्टिनने खूण केली: बंट.

बंट म्हणजे बॅट न फिरवता नुसती आडवी धरून चेंडू जवळच पाडायचा. बॅटर बहुधा बाद होतो, पण बेसवरचा गडी पुढे सरकतो. जॅक्सनसारख्याला बंट करायला सांगणं म्हणजे शेवटच्या षटकात धोनीला चेंडू नुसता तटवायला सांगण्यासारखं. पहिला चेंडू बाहेर गेला. प्रतिस्पर्धी संघ बंटच्या तयारीने पुढे सरकलेला पाहून मार्टिनने हुकूम बदलला, आता फटका मार. तिसऱ्या बेसजवळचा प्रशिक्षक डिक हॉवसर चालत येऊन जॅक्सनला हे सांगून गेला. जॅक्सनने ऐकलं आणि तरीही बंटच करत राहिला. शेवटी चेंडू वर उडाला आणि कॅचरने झेलला. सामना यांकीज हरले.

इथे जॅक्सनची बाजू घेणं अवघड आहे. अपमानाला उत्तर म्हणून त्याने हुकूम अक्षरशः पाळला आणि मग तोच हुकूम मोडला. मार्टिनला त्याला उरलेला पूर्ण मोसम निलंबित करायचं होतं. मालकाच्या कार्यालयाने पाच सामने मान्य केले. हगिन्सच्या मागे रुपर्ट उभा होता, मार्टिनच्या मागे पाच सामन्यांपुरताच स्टाइनब्रेनर.

त्या पाचही सामन्यांत जॅक्सनविना यांकीज जिंकले. तो परतला आणि आपली काही चूक झाली असं त्याने पत्रकारांसमोर मान्य केलं नाही. त्याच सुमारास मार्टिनच्या कानावर आलं होतं की स्टाइनब्रेनरने शिकागो व्हाइट सॉक्सशी मॅनेजरांची अदलाबदल करण्याची चर्चा केली होती. खेळाडूंची अदलाबदल नेहमीची, पण इथे मॅनेजरच सौद्यात निघाला होता. २३ जुलैला शिकागोच्या विमानतळावर मार्टिनचा तोल सुटला. ते दोघे एकमेकांना शोभतात, एक जन्माचा खोटारडा आणि दुसरा शिक्षा झालेला, असं तो दोन पत्रकारांना बोलून गेला. पहिला जॅक्सन. दुसरा स्टाइनब्रेनर, ज्याने निक्सन यांच्या प्रचाराला बेकायदा देणग्या दिल्याच्या प्रकरणात १९७४ मध्ये गुन्हा कबूल केला होता.

दुसऱ्या दिवशी कॅन्सस सिटीतल्या हॉटेलात काळा चष्मा लावून, रडत रडत मार्टिनने राजीनामा वाचून दाखवला. स्टारबद्दल तो आधीही बरंच बोलला होता आणि निभावून गेला होता. नोकरी गेली ती मालकाबद्दलच्या त्या अर्ध्या वाक्याने.

नव्या मॅनेजरने काय केलं?

फारसं काहीच नाही, आणि तेच कामाला आलं. बॉब लेमन हा जुना नामवंत पिचर. शिकागोने त्याला महिनाभरापूर्वीच काढलं होतं. तो आला, खेळाडूंना त्यांच्या त्यांच्या जागी परत ठेवलं, जॅक्सनला त्याचा चौथा क्रमांक दिला आणि बाजूला झाला. जुलैमध्ये यांकीज बॉस्टनच्या १४ सामन्यांनी मागे होते. लेमनच्या हाताखाली त्यांनी ४८ जिंकले, २० हरले. बॉस्टनशी बरोबरी झाल्यावर २ ऑक्टोबरला फेनवे पार्कवरच एक निर्णायक सामना झाला. त्यात बकी डेंटचा होमरन अजरामर झाला, पण ५-४ अशा त्या विजयातली पाचवी धाव जॅक्सनच्या होमरनची होती. पुढे विजेतेपदही यांकीजनेच जिंकलं.

लेमनचं श्रेय थोडं वाटून घ्यायला हवं. ऑगस्टपासून न्यूयॉर्कच्या मोठ्या वर्तमानपत्रांत संप होता. रोज सकाळी एकमेकांची विधानं वाचून भडकायची सोयच उरली नव्हती. शिवाय संघ मुळात मार्टिननेच घडवलेला होता. पण ज्याला मालकाची साथ नाही त्याने स्टारशी रोजचं युद्ध उघडू नये, एवढं लेमनला उमगलं होतं. मार्टिनला ते कळतच नव्हतं असं नाही. त्याला ते मान्य नव्हतं.

मार्टिनची कहाणी तिथे संपली नाही. राजीनाम्यानंतर पाचच दिवसांनी, जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यात, स्टेडियमच्या ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली की १९८० मध्ये मार्टिन मॅनेजर म्हणून परतणार. प्रत्यक्षात तो १९७९ मध्येच आला आणि त्याच वर्षी पुन्हा गेला. स्टाइनब्रेनरने त्याला एकूण पाच वेळा नेमलं आणि पाचही वेळा तो गेला. २५ डिसेंबर १९८९ रोजी मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. जॅक्सन १९८१ पर्यंत यांकीजमध्ये राहिला, मग कॅलिफोर्निया एंजल्सकडे गेला. ५६३ होमरनवर त्याची कारकीर्द थांबली, आणि बॅट फिरवून सर्वाधिक वेळा बाद होण्याचा विक्रमही त्याच्याच नावावर आहे: २,५९७ वेळा.

आणि आता?

करारांचे आकडे वाढले तसा हा तोल आणखी कलला. २००६ मध्ये यांकीजचाच मॅनेजर जो टॉरी याने डेट्रॉइटविरुद्धच्या बाद फेरीतल्या सामन्यात अॅलेक्स रॉड्रिगेझला आठव्या क्रमांकावर ढकललं. रॉड्रिगेझचा करार होता १० वर्षांचा, २५.२ कोटी डॉलरचा. टॉरी म्हणजे मार्टिनच्या अगदी उलट, शांत, चार विजेतेपदं मिळवून दिलेला माणूस. तरी तो कागदावरचा आठ आकडा देशभर गाजला. सामना यांकीज हरले आणि स्पर्धेबाहेर पडले.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००७ मध्ये, यांकीजने टॉरीला फक्त एका वर्षाचा आणि आधीपेक्षा कमी मूळ पगाराचा करार देऊ केला. त्याने तो नाकारला आणि गेला. त्याच महिन्यात रॉड्रिगेझनेही आपला करार मोडला. त्याला यांकीजने डिसेंबरपर्यंत परत आणलं, नव्या १० वर्षांसाठी, २७.५ कोटी डॉलर देऊन.

आज तर संघाची यादीसुद्धा कित्येक ठिकाणी मॅनेजर एकटा लिहीत नाही. कार्यालयातले आकडेतज्ज्ञ कोणत्या पिचरसमोर कोण चालेल याचा हिशेब आधीच देऊन ठेवतात. स्टारला बसवायचं झालं तर निदान सांगायला कारण तयार असतं. मार्टिनकडे १९७७ मध्ये स्वतःच्या अंदाजाखेरीज काही नव्हतं.

यांकी स्टेडियममध्ये स्मारकांसाठी राखलेला एक कोपरा आहे. मिलर हगिन्सच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये उभारलेला तिथला पहिला दगड. बेब रूथ त्याच्या शेजारीच. बिली मार्टिनचा १ क्रमांक १९८६ मध्ये आणि रेगी जॅक्सनचा ४४ क्रमांक १९९३ मध्ये कायमचा राखून ठेवला गेला, दोघांचेही फलक तिथेच आहेत. टॉरीचाही आहे. २०१० मध्ये तिथे स्टाइनब्रेनरचा फलक बसवला गेला, आणि तो आकाराने बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे.